मानेमागचा हिरा

आपल्याकडच्या दागिन्यांची सारी श्रीमंती समोरून पाहावयाची असते. नथ घ्या, चिंचपेटी घ्या, तन्मणी घ्या. तन्मण्याला बारीक मोत्यांचे सर असतात आणि त्यांच्या मधोमध, अगदी गळ्याच्या खळीजवळ, हिऱ्या-पाचूंचे खोड बसते. ज्याला पाहावयाचे असेल त्याने समोर उभे राहून पाहावे. मागच्या बाजूला मात्र रेशमाचा गोफ, त्याची सरकगाठ आणि फार तर एखादा जरीचा गोंडा. त्यावर अंबाडा येतो, पदर येतो, म्हणजे तोही झाकला जातो. दिसणार नाही तिथे सोने कशाला घालवावे, असा आपला रोकडा विचार आहे.

विलायती धर्तीचा मोत्यांचा हार याच्या अगदी उलट. समोर नुसते मोती. ना खोड, ना पदक. आणि मागे, मानेच्या मणक्यावर, फासा, व त्या फाशात हिरे! जिच्या गळ्यात हार आहे तिला तो हिरा दिसत नाही. तिच्याशी बोलणाऱ्यालाही दिसत नाही. नाटकगृहात मागच्या रांगेत बसलेल्या परक्या माणसाला तेवढा दिसतो. उघड्या पाठीचे झगे आणि वर बांधलेले केस यांच्या जगात त्याला काही अर्थ असेल. आपल्या नऊवारीच्या जगात तो हिरा म्हणजे देवघराच्या मागच्या भिंतीवर काढलेले चित्र.

असा एक फासा आमच्या घरी होता. घर मुंबईचे नव्हे, पुण्याचे नव्हे, बीडचे. बिंदुसरेच्या काठचे, पांढऱ्या मातीच्या धाब्याचे. बीडचे नाव घेतले की लोकांना दुष्काळ आठवतो आणि कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोडीच्या गाड्या आठवतात. तिथे मोती कुठून आले, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. उत्तर सोपे आहे. १९४८ सालापर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. आमची कोर्टकचेरी उर्दूत चाले, नाणे हाली शिक्क्याचे होते आणि अपील करावयाचे तर हैदराबादला जावे लागे. माझे आजोबा वकील होते. ते बीडहून जालन्यापर्यंत मोटारीने आणि तिथून पुढे रेल्वेने हैदराबाद गाठीत. मुसा नदीच्या काठी हायकोर्टाची ती लाल-पांढरी भव्य इमारत, आणि तिथून पायी थोडक्या अंतरावर पत्थरगट्टीची बाजारपेठ. पत्थरगट्टी म्हणजे मोत्यांचा बाजार. १९३५ साली जमिनीच्या एका दाव्यात आजोबांचा पक्षकार जिंकला, आणि आजोबा परतले ते मोत्यांचा हार घेऊन.

त्यांच्या हिशेबाच्या वहीत नोंद आहे: 'मोत्यांचा हार, दोन सर, मोती ११२, फासा हिऱ्यांचा. हाली रु. ६५०.' हाली सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा. त्या काळच्या भावाने या पैशांत साधारण पंधरा तोळे सोने आले असते. आजीचे म्हणणे, सोनेच आणावयाचे होते. ते तिने जन्मभर ऐकवले.

या नोंदीपुढे 'चव' असा शब्द व त्यापुढे एक आकडा आहे. माझी भाची ती वही वाचताना हसत सुटली. "आजोबांनी मोती चाखून घेतले का ग, मावशी?" 'चव' हे मोत्यांच्या बाजारातले जुने माप आहे. मोत्यांचे वजन करावयाचे, त्या वजनाचा वर्ग करावयाचा, मोत्यांच्या संख्येने भागावयाचे आणि ठरलेल्या एका अंकाने गुणावयाचे. निघेल ती चव. वर्ग का, तर मोठा मोती दुर्मीळ. एक रतीचे चार मोती आणि चार रतींचा एक मोती, वजन सारखेच. पण चवीच्या हिशेबात तो एकटा या चौघांच्या चौपट. माणसांच्या बाबतीतही आपण पुष्कळदा असाच हिशेब करतो.

पण खरे कोडे निराळेच होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाला अस्सल बसरा मोत्यांचे दोन सर परवडलेच कसे? लहानपणी आम्हांला वाटे, आजोबांचे आजीवर फार प्रेम होते म्हणून. ते असेलही. पण पुढे मी मोत्यांच्या व्यापाराविषयी वाचू लागले, तेव्हा कळले की आमच्या घरच्या हाराचे मूळ जपानात आणि अमेरिकेत आहे.

बसरा हे बंदराचे नाव. त्या नावाने विकले जाणारे मोती निघत ते इराणच्या आखातातून, मुख्यतः बहारीनच्या आसपासच्या समुद्रातून. उन्हाळ्यात पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जात आणि शिंपले गोळा करून दोरावरून वर येत. तो माल मुंबईस येई. मुंबईत तो निवडला जाई, त्याला भोके पाडली जात, सर बांधले जात आणि मग तो पॅरिसला, लंडनला व आपल्याकडच्या संस्थानिकांच्या दारी जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मोत्याला हिऱ्यापेक्षा अधिक मान होता. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने पॅरिसच्या कार्तिए घराण्यातला जाक कार्तिए हिंदुस्थानात आला, तो पुढच्या वर्षी मोत्यांच्या शोधात आखातातही जाऊन आला. १९१७ साली याच पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा एक वाडा घेतला, तो दोन सरांचा मोत्यांचा हार देऊन. हाराची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. वाडा अजून त्या पेढीकडे आहे. हार मात्र ती मालकीण वारल्यावर १९५७ साली लिलावात निघाला, तेव्हा त्याचे दीड लाखच आले.

मधल्या चाळीस वर्षांत घडले ते असे. जपानातल्या कोकिची मिकिमोतो नावाच्या गृहस्थाने १८९३ साली शिंपल्याकडून अर्धगोल मोती करवून घेतला होता. पुढे पूर्ण गोल मोतीही साधले आणि १९२१ च्या सुमारास ते लंडन-पॅरिसच्या दुकानांत दिसू लागले. डोळ्यांनी पाहून फरक कळेना. व्यापारी गांगरले. त्यातच १९२९ सालची जागतिक मंदी आली. धनिक बायकांनी मोती घेणे थांबवले, बहारीनचे पाणबुडे उपाशी राहिले; १९३२ साली तिथे तेल लागले म्हणून ते बेट सावरले. मुंबई-हैदराबादच्या पेढ्यांत मोती पडून राहिले. आणि अशा वेळी बीडचा एक वकील दावा जिंकून, खिशात फीचे पैसे घेऊन पत्थरगट्टीवरून चालला होता! कुणाचे दिवाळे ते कुणाचा दागिना, असेच बहुधा जगात असते.

हार मी डोळ्यांपुढे आणू शकते. मोती वाटाण्यापेक्षा लहान, मध्ये थोडे मोठे आणि मागे जाता जाता बारीक. रंग पांढरा नव्हे. नुकत्याच तापवलेल्या दुधावर साय धरते तसा. फासा सोन्याचा, लांबट डबीसारखा, त्यात एक सोन्याची जीभ सरकवावयाची की 'टक्' असा आवाज होई. वर मध्ये एक हिरा आणि भोवती आठ बारीक. आजी हार घाली तेव्हा फासा मागे न ठेवता ओढून पुढे घेई. "हिरे काय पाठीला दाखवायचेत?" असे तिचे म्हणणे. विलायती दागिन्याला तिने अशी बीडची रीत लावली होती.

१९४८ सालच्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या दिवसांत, सरहद्दीकडची पुष्कळ कुटुंबे अहमदनगर-सोलापूरकडे गेली. आजीही मुलांना घेऊन नगरकडे गेली, तेव्हा हार गोधडीच्या अस्तरात शिवलेला होता. सप्टेंबरात संस्थान विलीन झाले, दिवाळीच्या आधी ती परत आली आणि गोधडी उसवून हार काढला. या गोष्टीचे तिला काहीच अप्रूप नव्हते. ती सांगे ती गोष्ट १९७२ सालची.

त्या साली मी चौदा वर्षांची होते. पावसाने सलग दगा दिलेला. विहिरींच्या तळाशी चिखल, रस्त्यांच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, शाळेत सुकडी. आमची जमीन केज तालुक्यात. आजोबा जाऊन दहा वर्षे झाली होती, वडिलांचा पगार शाळामास्तरचा. धान्य कसेबसे येई, पण गोठ्यात दोन बैल होते आणि कडब्याचे भाव सोन्यासारखे चढले होते. लोक गुरे मिळेल त्या किमतीला सोडून देत होते. आजीच्या पाटल्या आधीच्या साली गेल्या होत्या, ठुशीही गेली होती. मग एके दिवशी तिने हार काढला, मलमलीच्या फडक्यात बांधला आणि वडिलांबरोबर पेठेत गेली. मी मागे मागे.

सराफाने हार हातात घेतला, उलटा केला आणि पहिल्याप्रथम फासाच पाहिला. भिंग लावले, तो वेगळा धरून तोलला आणि भाव सांगितला. मग मोती गादीवर ठेवून म्हणाला, "आजी, याचं मी काय करू? सोनं आटवता येतं. मोती कोण गहाण ठेवून घ्यायलंय? आणि जपानी नाही कशावरून?"

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग फासा काढून घ्या आन् मोती द्या माघारी."

त्याने कात्रीने दोरा कापला. मोती ओघळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना गाठी मारल्या. आलेल्या पैशांतून आठ दिवसांत गाडीभर कडबा आला. बैल वाचले. पुढे कितीतरी वर्षे, ते बैल अडून बसले की आजी म्हणे, "चल रे बाबा, हिरे खाऊन बसलायस!"

मला तेव्हा वाटले होते, मोती वाचले ते आजीच्या मायेमुळे. माया होतीच. पण दुष्काळात घरातून काय जाते आणि काय उरते, याला निराळा नियम आहे. जे वितळते, ज्याचा भाव रोज पेठेत पुकारला जातो, ते जाते. मोती कुणाला नको होते म्हणून घरात राहिले. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत सोने क्वचित आणि मोत्यांची एखादी सैल माळ मात्र डब्याच्या तळाशी, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्यामागे हाच हिशेब असावा.

आजीने मोती पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घेतले; फाशाच्या जागी तांबडा रेशमी गोफ आणि सरकगाठ. विलायती हार देशी झाला. त्याच रूपात तो माझ्या लग्नात माझ्या गळ्यात होता.

आता अलीकडची गोष्ट. आई गेल्यावर हाराचा प्रश्न निघाला. आम्ही दोघी बहिणी, दोन भाऊ. शिवाय तीन आत्यांची मिळून सात मुले. एका आतेभावाने कुठेतरी वाचले होते की गेल्या वीस वर्षांत निसर्गाच्या मोत्यांचे भाव फार चढले आहेत. ते खरेच आहे. त्याने बडोद्याचे उदाहरण दिले. खंडेराव गायकवाडांच्या खजिन्यात सात पदरी मोत्यांचा हार होता. हेच ते खंडेराव, ज्यांनी मोत्यांचा गालिचाही करवून घेतला. त्या सात पदरांतले उत्तमोत्तम ६८ मोती निवडून पुढे दोन सरांचा हार बांधला गेला, त्याला कार्तिएचा हिऱ्याचा फासा बसला आणि २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सत्तर लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. आमच्या हाराचे अर्थात तसे काही नव्हते. पण "मोती बसरा ठरले तर बरेच येतील, वर जुन्या घडणीचा हिऱ्याचा फासा बसवला तर आणखी येतील, आणि अकरा वाटे होतील," असे त्याचे म्हणणे. निजामाचे दागिने सरकारने १९९५ साली २१८ कोटींना घेतले, त्यांत ४६५ मोत्यांचा सातलडा आहे, हेही त्याने ऐकवले. माणूस हिशेबी आहे, वाईट नाही. त्याला मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आहे.

मी हरकत घेतली नाही. भाची हार घेऊन मुंबईला गेली. अस्सल मोती व पैदाशीचा मोती यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, पण क्ष-किरणांना कळतो. पैदाशीच्या मोत्यात शिंपल्याचा गोल मणी घातलेला असतो, तो आत दिसतो. निसर्गाच्या मोत्यात कांद्यासारखे थरावर थर असतात. आठवड्याने अहवाल आला. ११२ पैकी १०३ निसर्गाचे. नऊ पैदाशीचे.

घरात एकच काहूर माजले. नऊ मोती बदलले कुणी? आणि नेमके मधले, सर्वांत मोठे! पटवेकऱ्यावर संशय गेला. सराफावर गेला. कुणीतरी माझ्या आईचेही नाव हळूच घेतले. शेवटी धाकटी आत्या, तिघींतली एकटी उरलेली, वय सत्त्याऐंशी, अंबाजोगाईला असते, तिला विचारावे असे ठरले. मी फोन केला. कानाला कमी ऐकू येते, म्हणून दोनदा ओरडून सांगावे लागले. कळल्यावर ती इतकी हसली की मला वाटले हिला ठसका लागणार.

"अगं, माझ्या नाकातले मोजलेस का?"

प्रत्येक मुलीच्या लग्नात आजीने हारातले तीन मोठे मोती काढून तिची नथ घडवली होती. तीन मुली, तीन नथी, नऊ मोती. हार लहान दिसू नये म्हणून त्या जागी जपानी मोती भरले. आजोबांना सांगितले नाही, कारण ते म्हणाले असते, नथीसाठी नवे मोती आणू, आणि पैसे नव्हते. जावयांना सांगितले नाही, कारण सांगावयाचे नसते. "बसऱ्याचे होते ते. आईनं चांगले होते तेवढे आम्हांला दिले, आन् जपानी सोतासाठी ठेवले," आत्या म्हणाली.

मी हे आतेभावाला कळवले. तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्या आईची नथ त्याच्याच कपाटात आहे.

बडोद्याच्या हाराचे मला कौतुक आहे. पण सात पदरांतले निवडक मोती दोन पदरांत जमवले आणि हिऱ्याच्या फाशात कुलूपबंद केले, हा एक मार्ग झाला. आजीने नेमके उलटे केले. तिने थोरले मोती हारातून सोडवून तीन गावांना पाठवले. चवीच्या हिशेबात ती बुडाली.

आणि मोती ही काही कायमची वस्तू नव्हे. हिरा कोट्यवधी वर्षांचा. त्याला घाम, अत्तर, लिंबू, कशाचीच पर्वा नाही. मोती म्हणजे चुन्याचेच पदर, एकमेकांना चिकटलेले. आंबटाने झिजतो, घामाने मंद होतो, फार कोरड्या तिजोरीत ठेवला तर त्याला चरे पडतात. म्हणून जाणती माणसे सांगतात, मोती सर्व शृंगार झाल्यावर शेवटी घालावा, आल्यावर पहिल्याने काढावा आणि मऊ फडक्याने पुसून ठेवावा. दोरा तर दर दोन-तीन वर्षांनी बदलावाच लागतो. जुन्या हारात खरोखर जुने असे उरते काय? दोरा नवा, गाठी नव्या, काही मोती नवे. बदलत नाही तो फासाच. म्हणूनच पारखी माणसे हार हातात आला की आधी तोच पाहतात. हिऱ्यांच्या पैलूंवरून, सोने की प्लॅटिनम यावरून हाराचे वय ठरवतात. आमच्या पेठेतल्या त्या सराफानेही दुसरे काही केले नव्हते. आमच्या हाराचे वय सांगणारा साक्षीदार बैलांनी खाल्ला. आता त्याची साक्ष फक्त आजोबांची वही देते.

हार विकला नाही. अकरा वाटेही केले नाहीत. तो एकेका घरी एकेक वर्ष राहावा आणि मध्ये लग्न निघाले तर त्या घरी जावा, असे ठरले आहे. हिशेबी आतेभावाच्या मुलीच्या कर्जाला आम्ही सर्वांनी जमेल तसा हातभार लावला. तो त्याने थोडे रुसून, पण घेतला. भाचीचा मात्र फाशाचा आग्रह सुटत नाही. हल्लीच्या मुली अंबाडे घालून पाठ मोकळी ठेवतात, तेव्हा मागे एखादा हिरा शोभेल, असे ती म्हणते. तिचे चुकत नाही. येत्या माघात तिचे लग्न आहे. फासा आपल्या पैशांनी करून घेणार असशील तर कर, असे मी तिला सांगितले आहे. पण तांबडा गोफ टाकू नकोस. फासा एकटीला, चाचपडत का होईना, लावता येतो. सरकगाठ बसवायला मागे कुणीतरी उभे राहावे लागते, आणि त्या दिवशी ते काम मी धाकट्या आत्यासाठी राखून ठेवले आहे. तिचे हात थरथरतात. थोडा वेळ लागेल.